साखरपुड्याची अंगठी आणि मौल्यवान दागिन्यांचा विमा

घराच्या विम्यात दागिने आपोआप येतात, या भरवशावर राहू नका. त्यात बहुधा प्रत्येक वस्तूमागे एक मर्यादा असते आणि हिऱ्याची अंगठी ती सहज ओलांडते. अशी वस्तू पॉलिसीत नावानिशी वेगळी नोंदवा.

त्याआधी मूल्यांकन करून घ्या. प्रमाणपत्रात धातूची शुद्धता, वजन ग्रॅममध्ये आणि हिऱ्याचे कॅरट (म्हणजे वजन), कट, रंग, स्वच्छता (म्हणजे आत डाग किती कमी) असे सगळे हवे. नुसते ‘सोन्याची अंगठी, एक खडा’ पुरत नाही. हिऱ्यावर लेझरने कोरलेला क्रमांक असेल तर तोही उतरवा. फोटो आणि बिलाची प्रत घराबाहेर किंवा ऑनलाइन ठेवा.

विमा रक्कम कमी दाखवून हप्ता वाचवणे महागात पडते. खऱ्या किमतीच्या निम्माच विमा असेल, तर सरासरीच्या अटीनुसार (विमा जितक्या प्रमाणात कमी, भरपाईही तितक्याच प्रमाणात कमी) अर्ध्या नुकसानीचीही निम्मीच भरपाई मिळू शकते. किंमत बदलत राहते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मूल्यांकन नवे करा.

सही करण्यापूर्वी विचारा: घराबाहेर, प्रवासात संरक्षण आहे का? चोरी नव्हे, नुसतीच हरवली तर? झीज सहसा वगळलेली असते. खडा धरणारे काटे सैल होऊन तो पडला, तर दावा इथेच अडतो. काटे वर्षातून एकदा तपासून पावती जपा.