रे ब्रायंटचा ब्लूज: आधी डावा हात ऐका

रे ब्रायंट (१९३१–२०११) हा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा जॅझ पियानोवादक. चर्चमधलं गॉस्पेल, बूगी-वूगी (ठेक्यातला पियानो-ब्लूज) आणि बीबॉप (वेगवान जॅझ) हे सगळं त्याच्या हातात मुरलेलं. माइल्स डेव्हिस, सनी रॉलिन्स, डिझी गिलेस्पी या जॅझमधल्या बड्या वादकांच्या रेकॉर्डवर तो साथीला आहे. पण त्याच्याकडून काही उचलायचं असेल, तर तो एकटाच वाजवतोय अशा रेकॉर्डपासून सुरुवात करा. ट्रिओमध्ये (पियानो, बास आणि ड्रम्स) डाव्या हाताचं बरंचसं काम बासवाला करून टाकतो. एकट्याच्या वादनात सगळा संसार दोन हातांवर असतो, त्यामुळे काय कुठून येतंय ते कळतं.

त्यासाठी दोन तबकड्या पुरतात. पहिली ‘अलोन विथ द ब्लूज’. ती डिसेंबर १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आई-वडिलांच्या घरातल्या स्टुडिओत रेकॉर्ड झाली. दुसरी स्वित्झर्लंडमधल्या १९७२ च्या मोंत्रो जॅझ महोत्सवातली, ‘अलोन अॅट मोंत्रो’. मुद्दाम हीच जोडी घ्यायची, कारण ‘ब्लूज नंबर थ्री’ आणि ‘रॉकिंग चेअर’ दोन्हींवर आहेत. एकच माणूस, तीच चीज, मध्ये चौदा वर्षं. याहून चांगला मास्तर मिळणार नाही.

विकत घेताना एक घोटाळा हमखास होतो: ‘रे ब्रायंट ट्रिओ’ नावाच्या दोन तबकड्या आहेत. एक एपिक कंपनीची, १९५६ ची. दुसरी प्रेस्टीज कंपनीची, १९५७ ची, बासवर आइक आयझॅक्स आणि ड्रम्सवर स्पेक्स राइट. हवी असते बहुधा प्रेस्टीजची. मागच्या बाजूला वादकांची नावं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही, आणि डावा हात नेमका तिथे राहतो. साधे पण नीट कानात बसणारे हेडफोन लावा, इक्वलायझरमध्ये ८० ते २५० हर्ट्झचा पट्टा ३-४ डेसिबलने उचला. सावकाश ऐकायचं तर कॉम्प्युटरवरच्या ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये ‘चेंज टेम्पो’ वापरा. ‘चेंज स्पीड’ने सूरही खाली येतो. ७० टक्क्यांवर काम भागतं. ५० च्या खाली गेलात तर खालचे सूर एकमेकांत कालवले जातात आणि तुम्ही नसलेले सूर ऐकायला लागता. तबकडीवरून ऐकताना सूर पियानोशी जुळला नाही तर आधी टर्नटेबलचा वेग तपासा: वेग १ टक्का चुकला की सूर १७ सेंटने सरकतो (काळ्या धरून शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट), ६ टक्के चुकला की जवळपास एक अख्खी पट्टी.

आता मोजणी. ब्लूजचं एक आवर्तन १२ बारचं, प्रत्येक बारला ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. पाचव्या बारला साथ मध्यमावर जाते, सातव्याला षड्जावर परतते, नवव्याला पंचमावर. बहुतेक जण चुकतात ते अकराव्या-बाराव्या बारमध्ये. तिथे साथ पुन्हा समेकडे वळण घेते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, आली सम. यावर उपाय म्हणजे पहिल्या मात्रेला बारचा आकडा म्हणायचा: ‘एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार’, असं थेट ‘बारा दोन तीन चार’पर्यंत. पहिले दोन दिवस एवढंच करा, पियानोला हात लावू नका.

मग डावा हात. पांढरी एकचा (म्हणजे C चा) सा धरा. सा-प एकत्र, मग सा-ध एकत्र, मात्रेला दोन ठोके, पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. मध्यमावर म आणि वरचा सा, मग म आणि वरचा रे. पंचमावर प आणि वरचा रे, मग प आणि वरचा ग. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवून दहा मिनिटं, उजवा हात मांडीवर. लय १०० च्या पुढे गेली की लांब-आखूड फरक कमी करत न्या. तो तसाच ठेवला तर घोडा दौडल्यासारखं वाजतं.

सा आणि वरच्या सप्तकातला ग असा मोठा पल्ला दहा पांढऱ्या पट्ट्यांचा, जवळपास २३ सेंटीमीटर. हात पुरत नसेल तर ताणू नका, मनगट दुखून बसेल. खालचा सा मात्रेच्या किंचित आधी टाका, पेडलने धरा, वरचा ग बरोबर मात्रेवर येऊ द्या. उलट केलं, म्हणजे सा मात्रेवर आणि ग नंतर, तर सगळी लय ओढल्यासारखी होते.

उजव्या हाताचा जीव कणस्वरात, म्हणजे मुख्य सुराआधी निसटत्या लागणाऱ्या सुरात आहे. कोमल गंधाराचा कण घेऊन शुद्ध गंधार, आणि तोही एकाच बोटाने: काळी दोनवरून बोट निसटून पांढरी तीनवर पडलं पाहिजे. दोन बोटांनी वाजवलं की ते स्वच्छ होतं, आणि इथे स्वच्छपणा हाच दोष. सा पांढरी एक, चार किंवा पाच असेल तर हे आपोआप जमतं. पांढरी तीनचा सा घेतला की गणित उलटतं: कोमल ग पांढरीवर आणि शुद्ध ग काळीवर येतो, निसटायला उतारच उरत नाही. तिथे मात्र दोन बोटं वापरावीच लागतात. पेटीवर हा कण शिकू नका. पेटीत सूर विझत नाही, म्हणून कण लोंबकळत राहतो. पियानोचा आवाज असलेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आणि सस्टेन पेडल एवढं हवं.

लांब थरथर, म्हणजे ट्रेमोलो, बोटांनी नाही, कोपरापासून हात गोल हलवून करायचा, दाराची मूठ फिरवतो तसा. दोन बारमध्ये हात भरून आला तर जोर जास्त लागतोय.

एवढं हातात बसलं की ‘ब्लूज नंबर थ्री’कडे परत या. १९५८ चं पहिलं आवर्तन फक्त डाव्या हातासाठी ऐका, बारागणिक काय वाजलं ते कागदावर उतरवा. मग १९७२ चं. मोंत्रोत तो पुढे ‘विलो वीप फॉर मी’मध्ये शिरतो, तो सांधा नेमका कुठल्या बारला येतो ते शोधा. शेवटी ‘आफ्टर अवर्स’: मोंत्रोत एकट्याने, आणि डिसेंबर १९५७ मध्ये गिलेस्पीच्या ‘सनी साइड अप’वर, जिथे बासवर त्याचाच थोरला भाऊ टॉमी आहे. बास सोबत असताना डाव्या हाताने काय काय सोडून दिलं, त्याची यादी करा.