समोरच्याने हात केला म्हणून निघालात, तर धडकेची जबाबदारी कोणाची?

रांगेत थांबलेला मोटारचालक तुम्हाला हात करतो, "या, निघा." तुम्ही निघता. त्याच्या गाडीच्या पलीकडच्या बाजूने एक दुचाकी येते आणि तुमच्या पुढच्या दारावर आदळते. हात करणारा तोवर निघूनही गेलेला असतो. धडक तुमची आणि दुचाकीची, आणि चौकशीत पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जातो : रस्ता मोकळा आहे हे तुम्ही स्वतः पाहिलं होतं का?

"त्याने हात केला होता" हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक कराराचं १४ वं कलम सांगतं, की वळण्यापूर्वी, लेन बदलण्यापूर्वी किंवा पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेतून बाहेर पडण्यापूर्वी इतरांना धोका होणार नाही याची खात्री ती हालचाल करणाऱ्या चालकानेच करायची. ब्रिटनचा हायवे कोड आणखी स्पष्ट बोलतो. डिपर फक्त "मी इथे आहे" एवढं कळवण्यासाठी मारायचा, आणि दुसऱ्याने डिपर मारला म्हणजे आपल्याला पुढे बोलावलं असं कधीही धरून चालायचं नाही.

हात करणाऱ्याने नेमकं काय दिलं?

त्याने फक्त स्वतःची पाळी सोडली. शेजारच्या लेनमधल्या, मागून येणाऱ्या किंवा फटीतून पुढे सरकणाऱ्या वाहनांच्या वतीने बोलायचा त्याला हक्कच नसतो. १९६९ च्या इंग्लंडमधल्या कायदा-अहवालांत असा एक खटला आहे. बस थांबली, चालकाने डिपर मारला, एक मोटार बससमोरून बाहेर पडू लागली आणि बसला वळसा घालून येणारी मोपेड तिच्यावर आदळली. अपील न्यायालयाने बसचालकाला दोषी धरलं नाही. त्या डिपरचा अर्थ एवढाच, की "माझ्यापुरतं विचाराल तर या."

अमेरिकेत मात्र राज्याराज्यांत मत वेगळं आहे. काही न्यायालयं हात करणाऱ्याला पूर्ण मोकळं सोडतात. काहींच्या मते, पलीकडची लेन पाहिल्यासारखं करून कोणी आत्मविश्वासाने बोलावलं आणि समोरचा त्यावर विसंबला, तर बोलावणाऱ्याच्या माथी काही वाटा येऊ शकतो. तरी हा वाटा मिळवायला तो माणूस सापडावा लागतो, आणि बहुतेक वेळा त्याचा गाडी क्रमांकही कोणी टिपलेला नसतो.

दोष वाटला जातो तेव्हा टक्क्यांत वाटला जातो. तुमचा दोष ७० टक्के ठरला, तर बऱ्याच ठिकाणी तुमच्या १०० रुपयांच्या नुकसानीतले ३० रुपयेच दुसऱ्याकडून मागता येतात. अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया या राज्यांत तर स्वतःचा थोडा दोष असला तरी भरपाईचा दावा सहसा पूर्णच बुडतो.

रांगेच्या फटीतून बाहेर पडताना

इथे धडका का होतात, ते मोजमापांवरून कळतं. मोटारीत तुमचे डोळे बॉनेटच्या टोकापासून साधारण दोन ते सव्वादोन मीटर मागे असतात. थांबलेल्या गाडीच्या कडेपलीकडे डोकावून तुम्हाला दिसू लागतं, तेव्हा तुमचं बॉनेट पलीकडच्या लेनमध्ये दोन मीटर घुसलेलं असतं. लेनची रुंदी असते तीन ते साडेतीन मीटर. म्हणजे तुम्हाला दुचाकी दिसण्याआधी दुचाकीस्वाराला तुमचं बॉनेट दिसतं, आणि तेही अचानक. अडवणारं वाहन बस किंवा ट्रक असेल तर काचांमधूनही आरपार दिसत नाही.

आता वेळेचा हिशोब. जागेवरून निघून ती लेन पार करायला आणि मागचा बंपरही बाहेर काढायला मोटारीला सुमारे ८ मीटर जावं लागतं. बेताने वेग घेतला तर त्याला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. ताशी ५० किलोमीटरने येणारं वाहन तेवढ्यात सुमारे ४५ मीटर कापतं, म्हणजे रांगेतल्या सात-आठ मोटारींची लांबी. तुम्हाला एवढं अंतर मोकळं दिसत नसेल, तर ज्याने हात केला त्यालाही ते दिसत असेल असं समजू नका.

म्हणून असं करा :

१. हात दिसताच मान हलवून पोच द्या, पण क्लच सोडू नका. पाय ब्रेकवरच असू द्या. समोरच्याला ताटकळत ठेवतोय या संकोचापायीच लोक न पाहता निघतात.

२. काच खाली करा, गाणी बंद करा. दुचाकीचा आवाज बहुतेक वेळा दिसण्याआधी येतो. विजेवर चालणारी गाडी किंवा सायकल मात्र ऐकू येणार नाही, तेव्हा कानांवर सगळी भिस्त ठेवू नका.

३. हात करणाऱ्याच्या चेहऱ्याकडून नजर काढा. फटीतून, त्याच्या गाडीच्या काचांमधून आणि चाकांखालून पलीकडे पाहा. चाकांखालून सरकणारी सावली किंवा येणाऱ्या दिव्याचा उजेड दिसू शकतो.

४. त्याच्या गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत या आणि पूर्ण थांबा. इथे बरेच जण थांबत नाहीत, नुसता वेग कमी करतात.

५. तिथून अर्धा-अर्धा मीटर पुढे सरका, प्रत्येक वेळी क्षणभर थांबा. येणाऱ्याला बॉनेट पाहून थांबायला किंवा वळसा घ्यायला वेळ मिळावा, यासाठी हे थांबणं. एकदम दीड मीटर पुढे आलात तर सरकण्याचा काही उपयोग उरत नाही.

६. डोळे कडेपलीकडे पोचले, दोन्ही बाजू दिसल्या, की मगच वेग घ्या आणि मग मध्ये रेंगाळू नका.

काहीच दिसत नसेल तर हात हलवून नकार द्या आणि थांबून राहा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. अपघात झाला तर दोषाच्या हिशोबात त्या हॉर्नवाल्याचं नाव येत नाही.

इंडिकेटरवर भिस्त ठेवताना

इंडिकेटर हा वेगळा इशारा आहे, कारण तो चालक स्वतः काय करणार हे सांगतो. चुकीचा इंडिकेटर देणाऱ्याच्या अंगावर दोष येऊ शकतो आणि येतोही. तरीही तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे आहात, येणाऱ्या गाडीचा इंडिकेटर तुमच्या गल्लीकडे लागलेला पाहून निघालात आणि ती सरळ येऊन धडकली, तर मुख्य रस्त्यावर येणारे तुम्ही होतात. पाळी तिची होती. न्यायालयं अशा वेळी दोष वाटतात, पण निव्वळ इंडिकेटरवर विसंबून निघालेल्याला पूर्ण मोकळीक मिळेल असं गृहीत धरू नका.

इंडिकेटर खोटा का ठरतो? मोटारीत तो स्टिअरिंग सरळ झाल्यावर आपोआप बंद होतो, पण स्टिअरिंग पुरेसं फिरलेलंच नसेल, जसं लेन बदलताना किंवा सौम्य वळणावर, तर चालू राहतो. बऱ्याच दुचाकींत तो आपोआप बंदच होत नाही. हाताने बटण दाबावं लागतं आणि ते राहून जातं. तिसरं कारण, चालकाला तुमच्या पुढच्या गल्लीत किंवा पेट्रोल पंपात वळायचं असतं.

म्हणून इंडिकेटरच्या जोडीला आणखी दोन खुणा मिळाल्याशिवाय निघू नका. वेग खरोखर कमी होतोय का? ब्रेक लागला की गाडीचं नाक किंचित खाली दबतं. आणि पुढचं चाक फिरलं का? हेडलाइटपेक्षा चाकाकडे पाहणं केव्हाही चांगलं, कारण चाक वळल्याशिवाय गाडी वळू शकत नाही. या खुणांसाठी दोन-तीन सेकंद जास्त थांबावं लागतं, इतकंच. दुचाकीच्या बाबतीत चाक नीट दिसत नाही, म्हणून स्वार झुकायला लागेपर्यंत थांबा.

स्वतःचा इंडिकेटरही तपासत राहा. तो मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. अचानक भरभर लुकलुकायला लागला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब बहुधा गेला आहे, आणि मागच्याला तुमचा इशारा दिसतच नसेल.

ट्रकने साइड दिली तर

पुढचा ट्रक इंडिकेटर देतो. काही रस्त्यांवर त्याचा अर्थ "पुढे काढ", काही रस्त्यांवर "थांब, समोरून गाडी आहे." आणि नियमाप्रमाणे त्याचा अर्थ एकच, "मी त्या बाजूला वळतोय." तुम्ही पहिला अर्थ धरलात आणि त्याच्या मनात तिसरा असला, तर तुम्ही त्याच्या केबिनमध्ये घुसता. नेहमी तो वळतोय असंच समजा आणि रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

किती रस्ता लागतो तो आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ट्रक ताशी ६० ने, तुम्ही ८० ने. ट्रकची लांबी आणि मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा सुमारे ७० मीटर जास्त कापायचे आहेत. त्याला साडेबारा सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुम्ही २८० मीटर जाता. समोरूनही ८० ने गाडी येत असेल, तर तीही तितकीच जवळ येते. एकूण अर्ध्या किलोमीटरहून जास्त मोकळा रस्ता हवा. ट्रकचालकाला उंचावरून लांबचं दिसतं, पण तुमची गाडी किती दमाची आहे हे त्याला माहीत नसतं.

रिव्हर्स घेताना मागे उभा असलेला माणूस

तोही तुमची जबाबदारी उचलत नाही. आधी दोन खुणा ठरवा : "थांब" आणि "ये." "थांब"साठी दोन्ही हात वर हे सर्वांत स्पष्ट. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे, त्याचा आवाज येत असला तरी.

तुम्हाला वाट द्यायची असेल तर

हात करू नका. लवकर ब्रेक लावा, फट मोकळी ठेवून थांबा, हात स्टिअरिंगवर ठेवा. निघायचं की नाही ते समोरच्याला ठरवू द्या. पादचाऱ्यांच्या बाबतीत हे फार काटेकोरपणे पाळा. एकाहून जास्त लेन असलेल्या रस्त्यावर तुम्ही थांबता, हात करता, मूल धावत सुटतं आणि शेजारच्या लेनमधल्या चालकाला तुमच्या गाडीमुळे ते दिसतच नाही. मागून कोणी वेगात येताना आरशात दिसलं तर ब्रेक हळूहळू, दिवा लागता ठेवून दाबा, म्हणजे तो काही क्षण आधी सावध होईल.

धडक झालीच तर

माणसांची काळजी घेतल्यावर लगेच डॅशकॅमचं कार्ड काढून ठेवा. बहुतेक डॅशकॅम जुन्या चित्रणावर नवं चित्रण चढवत जातात. ज्याने हात केला त्याचा गाडी क्रमांक आणि शक्य असेल तर संपर्क घ्या, तो जायच्या आत. गाड्या हलवण्यापूर्वी त्यांची जागा, टायरच्या खुणा आणि दृष्टी अडवणारं वाहन यांचे फोटो काढा. एक फोटो तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तुम्हाला जिथून दिसायला हवं होतं तिथून घ्या.

समोरच्याचा इंडिकेटर चालू होता असं तुमचं म्हणणं असेल, तर त्या दिव्याला हात लावू देऊ नका. जुन्या तारेच्या बल्बमध्ये धडकेच्या वेळी तार तापलेली असेल तर ती ताणली जाते, वाकडी होते. थंड असेल तर तशी होत नाही, आणि तपासणाऱ्याला हा फरक ओळखता येतो. एलईडी दिव्यात तार नसते, म्हणून हा पुरावा मिळत नाही. तिथे चित्रण किंवा साक्षीदारच लागतो.

जबाब देताना काय पाहिलं ते क्रमाने सांगा : कुठे थांबलात, कोणत्या बाजूला किती दूरवर दिसत होतं, किती पुढे सरकलात. "त्याने हात केला म्हणून निघालो" एवढंच सांगितलंत, तर आपण स्वतः पाहिलं नाही हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. आणि पाहिलंच नसेल तर पाहिलं म्हणू नका. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटवर कॅमेरा असू शकतो.