घारापुरीला बायांना घेऊन जायचं असेल तर

सोमवारी घारापुरीची, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटावरची, लेणी बंद असतात. या यादीतलं बाकी काही मागेपुढे झालं तरी दिवस निभावून जातो, हे चुकलं तर दिवसच जातो. मागच्या खेपेला आमच्या बचत गटाच्या सगळ्या बाया ऐन सोमवारी सकाळी गेटवे ऑफ इंडियासमोर उभ्या होत्या. सोमवार आला म्हणून आधी बरंच वाटलं होतं, महादेवाचा वार आणि महादेवाचीच लेणी. गटातल्या एका मावशीनं वेरूळ पाहिलेलं. ती म्हणाली, लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढा मंगळवार टाळा. वेरूळचं ते खरंच आहे. पण अजिंठा सोमवारी बंद, आणि घारापुरीही सोमवारीच बंद. वार महादेवाचा असला तरी लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, सुटी त्यांचीच चालते.

आपल्याकडून हा घोळ कसा होतो तेही सांगते. विदर्भ एक्सप्रेस वर्धा, बडनेरा करत संध्याकाळी-रात्री निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला लागते. तिकिटावरची तारीख बसायची असते, उतरायची नाही. रविवारी बसलात की सोमवारी मुंबईत. आणि रविवार तर सगळ्यांनाच सोयीचा, पोरांना शाळा नसते, स्टेशनवर सोडून द्यायला कोणीतरी मोकळं असतं. म्हणून रविवारची गाडी नको म्हणजे नकोच, कोणी कितीही आग्रह केला तरी. शुक्रवारी-शनिवारी निघाल्या तर तिथं सुटीची गर्दी भेटते, बसायला जागा नाही, आणि आपण जातोय ते निवांत बसायला. राहिली सोमवार ते गुरुवारची गाडी. फॉर्मवर तारीख टाकायच्या आधी कॅलेंडरवर त्याच्या पुढच्या दिवसावर बोट ठेवा आणि वार मोठ्यानं वाचा. सोमवार वाचला गेला तर फॉर्म फाडा.

दिवस कोणते निवडायचे? कापसाचा शेवटचा वेचा होऊन गेला की, ऊन तापायच्या आत. पावसाळ्यात समुद्र खवळला तर लाँच सोडत नाहीत, आणि निंदण टाकून तेव्हा येणार तरी कोण. महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस सोडा. ज्यांना शिवरात्रीची यात्राच करायची आहे त्यांनी आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या सालबर्डीला जावं.

रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. एका फॉर्मवर सहाच नावं बसतात, म्हणून म्हाताऱ्या बायांच्या फॉर्मवर एकतरी तरुण पोरगी टाका, नाहीतर डबा वेगळा आला की त्या रात्रभर बसून राहतात. आधार कार्ड प्रत्येकीचं प्रत्येकीजवळ. एकीनं सगळ्यांची कार्डं पर्समध्ये घेऊन दुसऱ्या डब्यात बसू नये.

पोळ्या, ठेचा, चिवडा हे कोणाला सांगायला नको. सामानात एक गोष्ट मात्र सांगते, प्रत्येक बॅगेला कुलूप लागलं पाहिजे. मुंबईला उतरल्यावर बॅगा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायच्या असतात आणि कुलूप नसलेली बॅग तिथं घेत नाहीत. नायलॉनच्या थैलीला कुलूप कुठं लावणार, ते घरूनच पाहा. बेटावर फक्त पाण्याची बाटली, थोडं खाणं, औषधं आणि सुटे पैसे न्यायचे. बोटीत ज्यांना मळमळतं त्यांनी उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. सकाळचा नाश्ता हलका ठेवा, तेलकट नको, लाँचवर डिझेलचा वास असतो.

स्टेशनवरून गेटवेला टॅक्सी नाहीतर बेस्टची बस. लाँच साधारण नऊपासून सुटतात, पहिल्या एक-दोन लाँचमधली एक पकडा. तिकीट खिडकीवरूनच घ्या, ते जाण्यायेण्याचं मिळून असतं, येताना तेच दाखवायचं आहे, म्हणून फेकायचं नाही. बंदरात नुसती फेरी मारून आणतो असं सांगणारे भेटतात, ती बोट घारापुरीला जात नाही. सोमवारी पोचलेल्या माणसाला तेवढाच पर्याय दिसतो. म्हणून पुन्हा सांगते, वार पाहा.

लाँचवर चढण्याबद्दल बायांना आधीच समजावून ठेवा. लाँच एकमेकींना लागून उभ्या असतात, पुष्कळदा एकीवरून दुसरीवर जावं लागतं आणि दोन्ही पाण्यावर वर-खाली होत असतात. लाँच वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही. हातात पिशवी नको, एक हात खलाशाला द्यायचा, निऱ्या थोड्या वर खोचायच्या. चप्पल मागून पट्ट्याची हवी. आत बसल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बांधून ठेवा, उकडतं म्हणून काढू नका. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडेच निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि कितीतरी जीव गेले. आपल्यातल्या बहुतेकींना विहिरीतसुद्धा पोहता येत नाही. इथं कोणाचं ऐकू नका, अगदी सासूबाईंचंही नाही.

पुढं तासभर काहीच करायचं नसतं, आणि त्यासाठीच तर जायचं. हिवाळ्यात पांढरे कुरव पक्षी लाँचच्या मागं मागं उडत येतात. फोटो काढा, पण मोबाईलची दोरी गळ्यात घालून.

बेटावर धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे, गुडघे दुखणाऱ्यांना तिच्यात बसवा. मग सुमारे १२० पायऱ्या. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, दर आधी ठरवायचा. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, जाताना थांबू नका, खरेदी उतरताना. माकडं फार आहेत. आपल्याकडची काळतोंडी वानरं कवेलू फोडून पळतात, ही लाल तोंडाची हातातली बाटली ओढून झाकण उघडून पितात. खाण्याची पिशवी दिसू द्यायची नाही, शबनममध्ये आत ठेवायची.

लेण्यात मात्र घाई करू नका. तीन मुखांची ती सुमारे २० फुटांची मूर्ती सगळ्याच पाहतात, कारण समोरच दिसते. मी म्हणेन, शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पासमोर बसा. पार्वती मान किंचित खाली घालून उभी आहे, मागं तिचा बाप. मूर्तींचे हातपाय ठिकठिकाणी तुटलेले आहेत, तरी त्या खाली घातलेल्या मानेत सगळं कळतं. ज्यांनी आपल्या लेकी दिल्या आहेत त्या बाया तिथून लवकर हलणार नाहीत, त्यांना हलवू नका. हे पाहायलाच इतक्या लांबून यायचं असतं, आणि सोमवारी ते फाटकाच्या आत राहतं.

जेवण तिथंच सावली पाहून, माकडांपासून लांब. कैरी, काकडी घ्यायची तर बेटावरच्या बायांकडून घ्या, त्याही आपल्यासारख्याच कमावत्या आहेत.

परतीचं थोडक्यात. बेटावर मुक्काम करता येत नाही. शेवटची लाँच साडेपाचच्या सुमाराला असते, पण तिची वाट पाहू नका, धक्क्यावर उतरल्या उतरल्याच वेळ विचारून ठेवा. त्याच संध्याकाळची विदर्भ धरायची असेल तर तीनच्या आत बेट सोडा. जमलं तर एक रात्र मुंबईत राहा आणि दुसऱ्या दिवशी निघा, पळापळ वाचते. लाँचवर चढताना माणसं मोजा, उतरल्यावर पुन्हा मोजा. क्लोकरूमची पावती तिकिटांसोबत एकाच बाईकडे. रात्रीचं जेवण स्टेशनजवळ घ्या, पोळ्या तोवर संपलेल्या असतात.