श्रावणासाठी कुंडीत हळद-अळू लावताय? या चुका टाळा

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बाजारातल्या हळदीच्या पानांचा भाव आणि त्यांची अवस्था पाहिली की बरेच जण ठरवतात, पुढच्या वर्षी बाल्कनीतच लावू. लावतातही. पण पहिली चूक वाण्याच्या दुकानातच होते.

वाण्याकडचं हळकुंड रुजत नाही. शेतातून काढलेली हळद आधी शिजवतात, मग वाळवतात. शिजलेल्या गड्ड्याला कितीही पाणी घाला, कोंब कुठून फुटणार? लागते ती ओली हळद. ती थंडीत, संक्रांतीच्या आसपास लोणच्यासाठी भाजीवाल्यांकडे येते. तेव्हाच डोळे ठसठशीत असलेले चार गड्डे बाजूला काढा आणि कोरड्या वाळूत, सावलीत ठेवून द्या. फ्रिजमध्ये नको. लावायची वेळ अक्षय तृतीयेची. पाऊस सुरू झाल्यावर जाग आली, तर नागपंचमीला पान जेमतेम वीतभर असतं, त्यात पातोळी, म्हणजे हळदीच्या पानात उकडायचा तांदळाच्या पिठाचा गोड पदार्थ, काय गुंडाळणार?

दोघांची तहान वेगळी

हळद आणि अळू एकाच लांबट कुंडीत लावणं ही सगळ्यात महागात पडणारी हौस. अळूला पाय ओले लागतात, तर हळदीच्या मुळाशी पाणी साचलं की गड्डा कुजतो. हळद वेगळी लावा. कुंडी निदान फूटभर खोल हवी, गड्डा दोन इंच खाली, आणि कोंब वर येईपर्यंत पाणी अगदी बेताने. कोंबाला तीन-चार आठवडे सहज लागतात. या काळात काळजीपोटी रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्यांची हळद जमिनीखालीच संपते.

पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढा. खालच्या मजल्यावर पाणी ठिबकतं म्हणून सोसायटीत बश्या ठेवाव्या लागतात हे खरं, पण जुलैतल्या मुंबईच्या पावसात ती बशी म्हणजे डबकंच. काढता येत नसेल तर कुंडी विटांवर उचलून ठेवा. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमीच घाला, ते पाणी धरून ठेवतं.

जुलैत पानं पिवळी पडली आणि माती ओली असेल, तर खत घालू नका. गड्डा उकरून पाहा. मऊ लागला, वास आला, तर कुजका भाग कापून उरलेला भुसभुशीत मातीत पुन्हा लावा. डिसेंबरात पानं पिवळी पडणं मात्र ठरलेलंच. झाड मेलं समजून कुंडी टाकून देणारे लोक खाली तयार झालेली हळदही टाकतात!

पानं एकदम सगळी खुडू नका. नागपंचमीला चिरायचं-तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, असा नेम अनेक घरांत असतो, म्हणून त्या दिवशी उकडलेल्या पातोळ्या किंवा दिंडं. गोव्यात ख्रिस्ती घरांतही १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या फेस्ताला (सणाला) पातोळ्या होतात. पुढे गौरी-गणपती आहेतच. बाहेरची मोठी पानं घ्या, मधला कोंब राखा.

अळूची गोष्ट

नर्सरीतला शोभेचा अळू खायचा नसतो, तो कितीही देखणा असो. ज्यांच्या घरच्या वड्या खाल्ल्यात त्यांच्याकडूनच कंद मागा. वडीला काळ्या देठाचा, फदफद्याला (पातळ भाजीला) हिरवा. पूर्वी अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसायचा म्हणून आता वॉशिंग मशीनचं पाणी सोडणं मला पटत नाही. ते पाणी राख-शिकेकाईचं होतं, हे डिटर्जंटचं.

वडी खाऊन घसा खवखवला तर दोष बहुधा अळूचा नसतो, आंबट कमी पडल्याचा असतो. पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पीठ गोडसर व्हावं म्हणून चिंचेत कपात केली आणि वळकटी घाईने उकडून उतरवली की ते घशाला टोचतात. चिंच सढळ हाताने घाला आणि वड्या नीट शिजू द्या.

पातोळी बिघडते ती पिठात. तांदळाचं पीठ सैल झालं तर उकडताना पानाबाहेर येतं, जाड थापलं तर मधे कच्चं राहतं. बोट पाण्यात बुडवून पातळ थर पसरा. गूळ-खोबऱ्याचं सारण कोरडं होईपर्यंत परता, ओलं सारण पीठ फोडतं. उकडल्यावर पान सोलताना पातोळी फाटत असेल तर ती अजून गरम आहे, पाच मिनिटं थांबा.