तीन हजारांत रॉड आणि रीळ: पैसे कुठं घालावे, कुठं हात आखडावा

‘फिशिंग रॉड’ म्हणून ऑनलाइन शोधायला गेलात तर निम्मा माल ‘बास’च्या नावानं समोर येतो. बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, आपल्या माळव्यातल्या तळ्यांत तो नाही. तरी ही सामग्री आपल्या कामाची आहे, आणि ती मरळीमुळे. हिंदीत जिला सौल म्हणतात तीच. दोघांची शिकारीची तऱ्हा एकच: गवताच्या किंवा बुडालेल्या फांदीच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि समोरून बेडूक, छोटी मासळी गेली की झडप घालायची. तळाशी कणकेचा गोळा टाकून रोहू-कटल्याची वाट बघायची असेल, तर कोणतीही दणकट काठी चालते. पुढचं सगळं मरळीच्या नादी लागलेल्यांसाठी.

मी हिशेब तीन हजारांचा धरतो. नवखा माणूस यातले दोन हजार रॉडवर घालतो, कारण फोटोत रॉड दिसतो. उलट करा. निम्मे पैसे रिळाला, हजाराच्या आतबाहेर रॉडला, उरलेले लाईन आणि गळांना. सुमार रॉडनं मासा निघतो, सुमार रीळ मात्र ऐन वेळी दगा देतं. आणि सामान थोडं आहे म्हणून मन खट्टू करू नका. २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्यानं २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून जरा जास्तच, बास काढला. मंदीचे दिवस, आणि दोन मित्रांत मिळून एकच रॉड-रीळ, असं सांगतात. पुढं २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याच्या तोडीचा बास निघाला, तोही जेमतेम औंसभरानं जड!

आधी रीळ. दोन प्रकार दिसतील: रॉडच्या खाली लटकणारं स्पिनिंग आणि वर बसणारं बेटकास्टर. बेटकास्टर रुबाबदार दिसतं, पण त्याचा स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली चक्री, फेकताना स्वतः फिरतो आणि तो अंगठ्यानं आवरावा लागतो. अंगठा चुकला की लाईनचं घरटं होतं आणि पुढचा अर्धा तास ते सोडवण्यात जातो. पहिलं रीळ स्पिनिंगच घ्या, त्यावर आकाराचा आकडा २५०० किंवा ३००० असलेलं.

बेअरिंगच्या संख्येला भुलू नका. माझं पहिलं रीळ मी त्याच मोहात घेतलं. “भिया, तेरह बेयरिंग है इसमें,” दुकानदार म्हणाला, आणि मी पाकीट काढलं. सांवेरकडच्या मित्राच्या शेततळ्यावर तिसऱ्या दिवशी चांगली मरळ लागली, ओढ बसली आणि हँडल उलटं फिरायला लागलं. लाईन सैल पडली नि मासा गेला. तेरा बेअरिंग होते खरे, पण उलट फिरणं रोखणारा भाग कुचकामी. अनोळखी छापाच्या तेरा बेअरिंगवाल्या रिळापेक्षा शिमानो किंवा दायवासारख्या कंपनीचं सगळ्यात साधं रीळ सवलतीत मिळालं तर डोळे मिटून घ्यावं.

रीळ हातात आलं की दुकानातच पाच मिनिटं काढा. हँडल हळू फिरवा. खरखर किंवा कुठं अडखळल्यासारखं वाटलं तर परत ठेवा. मग हँडल मागं ढकलून पाहा, केसभर हललं तर ठीक, बोटभर हललं तर नको. वरची तार, म्हणजे बेल, उघडा आणि हँडल फिरवून मिटवा. ती खट्कन मिटली पाहिजे. तारेच्या टोकाला एक बारीक रोलर असतो, ज्यावरून लाईन वळते. तो नखानं फिरवून बघा. स्वस्त रिळांत तो बऱ्याचदा जाम असतो, आणि मग लाईन तिथंच घासून कमजोर होते.

उरला ड्रॅग. मासा जोरात पळाला की लाईन तुटू न देता थोडी थोडी सोडणारी ती क्लच. ही परीक्षा घरी घ्या, वजनकाट्याची गरज नाही. दहा पौंडी लाईन साधारण साडेचार किलोला तुटते. ड्रॅग त्याच्या चौथाईला, म्हणजे किलो-सव्वा किलोला सुटायला हवा. पाण्यानं भरलेली लिटरची बाटली म्हणजे किलोभर वजन. लाईन रॉडच्या कड्यांतून न ओवता सरळ बाटलीला बांधा, रीळ हातात धरून बाटली उचला. ती अधांतरी टिकावी आणि हलकासा हिसका दिला की सावकाश, एकसारखी खाली यावी. झटके घेत उतरली तर रीळ बदलून आणा. पाण्यावर तोच झटका लाईन तोडतो.

रॉड सहा ते सात फुटांचा, दोन तुकड्यांचा. सात फुटी रॉडचा तुकडा साडेतीन फुटांचा होतो, स्कूटरवर पायाशी उभा राहतो. दुर्बिणीसारखा मिटणारा रॉड सोयीचा वाटतो, पण त्याच्या सांध्यांत वाळू अडकते आणि टोक लवकर मोडतं. मुठीच्या वर बारीक अक्षरांत बरंच लिहिलेलं असतं: ‘एम’ म्हणजे मध्यम ताकद, ‘फास्ट’ म्हणजे टोकाकडचाच भाग वाकतो, आणि ग्रॅममध्ये किती वजनाचं आमिष फेकता येईल ते. एम, फास्ट, ७ ते २१ ग्रॅमच्या आसपास असं काही दिसलं की घ्या. फायबरग्लास जड पण मार खाणारा, कार्बन हलका पण नाजूक. नवख्याला फायबरग्लास किंवा मिश्र बरा. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे शेतातल्या तारांखाली तो उभारू नका.

दुकानात जाताना देवघरातला वातीचा कापूस खिशात ठेवा. एकेका कड्याच्या आतून तो फिरवा. कुठं तंतू अडकले तर तिथं बारीक तडा आहे आणि तो तुमची लाईन कापणार. दुकानदार हसेल, हसू द्या.

सेटसोबत आलेली लाईन टाकून द्या. दहा पौंडी मोनो, म्हणजे एकाच तंतूची नायलॉनची लाईन, घ्या आणि स्पूलच्या काठापासून दोनेक मिलिमीटर खालपर्यंत भरा. काठोकाठ भरली तर एकदम सुटते, कमी भरली तर लांब जात नाही. गवतातच उतरायचं ठरलं तर पुढं वीस-तीस पौंडी ब्रेड, म्हणजे अनेक तंतू विणून केलेली लाईन, पण तिच्याखाली थोडी मोनो गुंडाळा, नाहीतर ती स्पूलवर घसरत राहते. आमच्या घरी मासा शिजत नाही, म्हणून मी मासा परत सोडतो, आणि त्यासाठी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून ठेवतो. मासा पटकन सुटतो, माझं बोटही.

इंदूरजवळचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत, तिथं दुर्बीण घेऊन जा, रॉड नको. इतर तलाव बहुतेक मत्स्य समित्यांकडे ठेक्यानं असतात, काठावर विचारल्याशिवाय बसू नका. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा हंगाम.

ते दोन महिने सरावाला घ्या. लाईनच्या टोकाला दहा ग्रॅमचा लोखंडी नट बांधा, पंधरा पावलांवर बादली ठेवा आणि मोकळ्या मैदानात फेकत राहा. गच्चीवर नको. शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पैठणीत नट अडकला, तर तीन हजारांत भागणार नाही.