मोटर परत चालू करण्याआधी रिलेची डायल बघा

पाऊस सरला की निपाणी-चिकोडीकडे वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर पुराच्या धास्तीने वर काढलेल्या मोटरी परत खाली जातात आणि खानापूर-जांबोटीकडे बोअरची पेटी चार महिन्यांनी उघडते. तयारी आदल्या दिवशी करा. थ्री फेज आल्यावर करायला गेलात की विजेच्या सात तासांतला एकही तास वाया जाऊ नये म्हणून घाई होते आणि नेमकी रिलेची, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणाऱ्या भागाची, डायल राहते. बाकी सगळं करून ती राहिली, तर बाकीचं केलेलं वाया गेलंच म्हणा.

मेन बंद करा, किटकॅट (चिनीमातीचे फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात ठेवा, तिन्ही फेजला टेस्टर लावा. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर असेल तर त्याचे टर्मिनल मेन बंद केल्यावरही लगेच हाताळू नका, चार्ज उतरायला वेळ द्या. टीसीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) खांबावर स्वतः चढायचं नाही, लाइनमनला बोलवा. यावर चर्चा नको.

पेटीतली पाल, मुंग्या, गांधीलमाशीचं घर काढा. हे सगळ्यांना माहीत आहे. कॉन्टॅक्टरचे, म्हणजे मोटरीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट काळे पडून खड्डे पडले असतील तर कानशीने घासत बसू नका, किट बदला. किटकॅटमध्ये केबलच्या चार तारा पिळून घातलेल्या दिसल्या तर आधी त्या काढा. तो फ्यूज राहिलेला नसतो.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र. ५०० व्होल्टचा, प्रत्येक वायर ते बॉडी, केबल जोडलेली असतानाच. १ मेगाओमच्या खाली आलं तर मोटर चालू करायची नाही. पुरात बुडालेली मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेली) उघडून स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, उन्हात किंवा बल्बच्या उबेला वाळवा, परत मेगर लावा, आकडा वर चढून स्थिर झाला की मगच जोडा. वरून कोरडी दिसली म्हणून आत कोरडी असतेच असं नाही. आत पाणी भरायची सबमर्सिबल असेल तर खाली सोडण्याआधी आत स्वच्छ पाणी भरून हवा पूर्ण निघू द्या, नाहीतर बेअरिंग पहिल्याच दिवशी जातं.

आता डायल. ओव्हरलोड रिलेवर नखाएवढी चकती असते, कडेला अँपिअरचे आकडे. मागच्या हंगामात मोटर ट्रिप होत होती म्हणून कुणीतरी स्क्रूड्रायव्हरने ती शेवटपर्यंत फिरवून ठेवलेली असते आणि नंतर कुणी बघत नाही. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर करंट साधारण पावणेदोन पट होतो. डायल बरोबर असेल तर रिले तो ओळखून ट्रिप होतो. टोकाला असेल तर रिले गप्प बसतो आणि वाइंडिंग शिजतं.

लावायची कशी ते नीट वाचा. पंप पूर्ण पाणी टाकत असताना टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून करंट मोजायचा) लावा, पण कुठल्याही वायरीला नाही. जी वायर रिलेतून जाते, तिलाच. १० एचपीच्या मोटरीवर १५ अँपिअर लिहिलं असेल आणि स्टार्टर स्टार-डेल्टा (मोटर कमी करंटवर उठवून मग पूर्ण जोरावर नेणारा) असून रिले वाइंडिंगच्या बाजूला असेल, तर रिलेतून ०.५८ पट म्हणजे ८.७ अँपिअरच जातात. तिथे डायल १५ वर ठेवणं म्हणजे रिले नसल्यासारखंच. ९ ते १४ रेंजचा रिले असेल तर तो ८.७ वर बसणारच नाही, रिलेच बदला. मोजलेल्या करंटवर लावा, प्लेटच्या हिशेबापेक्षा वर कधीच नाही. मोटर रिवाइंड करून आणली? परत मोजा. मोटर बदलली? परत मोजा. रिसेट ‘हँड’वर ठेवा, ‘ऑटो’वर नको, का ट्रिप झाली हे कळलंच पाहिजे.

‘सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) आहे, मग रिले कशाला?’ असं म्हणू नका. आधी तो काम करतो का बघा: मेन बंद करून एक किटकॅट काढा, मेन चालू करून स्टार्ट दाबा. कॉन्टॅक्टर ओढायलाच नको. असं तिन्ही फेजला करा. पण नुसतं व्होल्टेज बघणारा प्रिव्हेंटर चालत्या मोटरीला फसतो, कारण फिरती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभं करते. म्हणून करंट बघणारा घ्या, आणि तरीही डायल लावा. दोन फेजवर पंप ओढायला कंडेन्सर (कपॅसिटर) जोडून प्रिव्हेंटर बायपास केलेला असेल, तर ती वायर आजच काढा.

व्होल्टेज मोटर चालू असताना मोजा, तिन्ही जोड्यांत. ४१५ च्या आसपास, ३९० च्या खाली नको. टीसीवर बरोबर असून पंपाजवळ कमी पडत असेल तर दोष केबलचा: २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलवर २०० मीटरला १५ अँपिअर नेले की ३० व्होल्टच्या वर वाटेतच जातात. व्होल्टेज कमी की करंट जास्त. तेव्हा रिले वारंवार ट्रिप होतो आणि हात परत डायलकडे जातो. डायल फिरवू नका, केबल बदला.

ऑटो स्टार्टर (वीज आली की मोटर आपोआप चालू करणारा) असलेल्यांनी शेजाऱ्यांशी बोलून टायमर वेगवेगळे लावावेत. ६३ केव्हीएच्या टीसीचा पूर्ण लोड ८४ अँपिअर. १० एचपीची एकच मोटर डायरेक्ट उठताना सहापट, म्हणजे ९० च्या घरात ओढते. सप्लाय आल्याबरोबर दहा मोटरी एकदम उठल्या तर टीसीचे फ्यूज उडणारच, आणि मग केईबीच्या (आताच्या हेस्कॉमच्या) नावाने ओरडण्यात अर्थ नाही.

अर्थिंग: मोटर आणि पेटी दोन्हींना, न्यूट्रलला बांधून नाही. जांभ्याच्या जमिनीत एक खड्डा पुरत नाही, दोन करून जोडा. उन्हाळ्यात परत तपासा, आत्ताची ओल फसवी आहे.

पाणी कमी येतंय? टीसी बदलल्यावर फेज उलटले तर मोटर उलटी फिरते, दोन वायरींची अदलाबदल करून बघा. ग्लँड आवळा, पेटीचं रबर बदला, एक जादा कॉइल आणि फ्यूज वायर ठेवा. डायलचा आकडा तारखेसह दाराच्या आतून लिहा. आर.आर. नंबर (वीज जोडणीचा) आणि तक्रारीचा १९१२ तिथेच.