खानदेशच्या उन्हात जुनी फियाट सांभाळताना

माझ्याकडची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची आहे. कागदोपत्री तिचे नाव पद्मिनी असले तरी भुसावळात तिला सगळे फियाटच म्हणतात, आणि ते बरोबरही आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेल्या फियाट ११०० डिलाइटचेच हे पुढचे नाव. औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलर विभागातून निवृत्त झाल्यापासून या गाडीचे जवळपास सर्व काम मी स्वतः करतो. नोकरीत शिकलेल्या गोष्टींपैकी सर्वांत उपयोगी पडले ते पाण्याचे ज्ञान, म्हणून या लेखात अधिक जागा पाण्याला दिली आहे. मुंबई-पुण्याच्या हवेसाठी सांगितलेले उपाय आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, आणि काळ्या मातीची बारीक धूळ जिथे फट मिळेल तिथे शिरते. या तीन गोष्टी धरूनच देखभाल आखावी लागते.

या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे आहे. त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा भाग, बिडाचा आणि हेड, म्हणजे त्यावरचे झाकण, ॲल्युमिनियमचे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे इंजिन एकदा जरी बेसुमार तापले तरी हेड वाकण्याची आणि दोन्हींमधले गॅस्केट (गळती रोखणारे पॅकिंग) उडण्याची भीती असते. गाडी घेतली त्या वर्षी धुळे रस्त्यावर ती दोनदा उकळली. एका गॅरेजमध्ये इंजिन उतरवून पूर्ण काम करण्याचा सल्ला मिळाला. यावलकडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी मात्र रेडिएटरचे झाकण उघडले, बोट आत फिरवले आणि म्हणाले, “आप्पा, पहिले पानी देखा, मंग इंजिन.” ड्रेन कॉक उघडला तेव्हा गेरू कालवल्यासारखे पाणी बाहेर आले. इंजिनला हात न लावता, केवळ शीतकरणाची व्यवस्था स्वच्छ करून तो आजार गेला.

बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये काय करते हे पाहायचे असेल, तर उन्हाळा संपताना घरातल्या कुलरच्या गवताच्या पडद्याकडे पाहावे. त्यावर जो पांढरा, कडक थर साचतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून बसतो. या क्षाराची उष्णतावाहकता पितळेच्या तुलनेत पन्नास ते शंभर पट कमी असते. बॉयलरच्या नळीत असा पातळसा थर बसला तरी नळी फुटेपर्यंत पाळी येते. गाडीत तेवढे होत नाही, पण नळ्या बंद होत जातात आणि ४५ अंशांच्या हवेत हाताशी असलेली थोडीशी सूटही संपते.

रेडिएटर किती तुंबला आहे, हे न उतरवताही समजते. इंजिन चांगले गरम झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या जाळीवर ओळीने तापमान मोजावे. वरून खाली तापमान हळूहळू उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला, तर तिथल्या नळ्यांतून पाणी वाहत नाही असे समजावे. फिरत्या पंख्यापासून हात आणि बाही दूर ठेवावी.

क्षार काढण्यासाठी रेडिएटर उतरवून वेगळा साफ करावा, इंजिनसह साफ करू नये, कारण आम्ल ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जाऊ देणे मला पटत नाही. खालचे तोंड रबरी बुचाने बंद करून, दर लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, विरघळवून ते रेडिएटरमध्ये भरावे. थोड्या वेळात बुडबुडे येऊ लागतात. ते थांबेपर्यंत, साधारण तास-दीड तास, थांबावे. रात्रभर ठेवू नये. नंतर पाण्याचा पाइप खालच्या तोंडाला लावून उलट दिशेने धुवावे, खाण्याच्या सोड्याचे पाणी एकदा फिरवावे आणि पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे. संडास साफ करण्याचे तीव्र ॲसिड वापरणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने क्षाराबरोबर धातूही जातो, तो मार्ग घेऊ नये. इंजिनचा ब्लॉक धुताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून ठेवावा आणि केवळ साधे पाणी वापरावे.

भरताना दोन भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग कूलंट, असे मिश्रण मी वापरतो. पाणी गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही, त्यामुळे निम्मे-निम्मे मिश्रण करण्याची आवश्यकता नाही. कूलंट हवे ते मुख्यतः त्यातील गंजरोधक द्रव्यांसाठी, कारण बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असले की ॲल्युमिनियम आधी खाल्ले जाते. तयार मिश्रण म्हणून विकले जाणारे कूलंट घेतल्यास त्यात पाणी मिसळू नये. दोन वर्षांनी हे सर्व बदलावे, आणि मध्ये पातळी कमी झाली तर नळाचे पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटरच घालावे. त्याची एक बाटली माझ्या डिकीत कायम असते.

“आपल्याकडे एवढे ऊन, मग थर्मोस्टॅट काढूनच टाका,” हा सल्ला खानदेशात प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतो. तो मानू नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथेही चांगलीच थंडी असते, आणि थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही. मग पेट्रोल जास्त जाते, ऑइलमध्ये पाणी साठते आणि सिलिंडर लवकर झिजतात. थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही, हे स्वयंपाकघरात पाहता येते. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात असा लोंबता सोडावा की तो तळाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर धरून पाणी मंद आचेवर तापवावे. थर्मोस्टॅटच्या कडेवर अंश कोरलेले असतात. त्या आकड्याच्या आसपास मधली तबकडी हळूच उचलली जाऊ लागते आणि आणखी दहा-बारा अंशांत ती पूर्ण उघडते. पाणी उकळले तरी ती हललीच नाही, तर अडकलेल्या थर्मोस्टॅटनेच गाडी तापत होती हे तुमच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालेले असते.

रेडिएटरची बाहेरची बाजूही पाहावी. कापसाच्या हंगामात रस्त्यावरून उघडे ट्रक जातात तेव्हा उडालेला कापूस जाळीत अडकतो आणि त्यावर धूळ बसून नमदा तयार होतो. कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूकडून पुढच्या दिशेने, तो धुऊन काढावा. झाकणाचे रबर, दोन्ही होज पाइप आणि फॅन बेल्ट फेब्रुवारीतच तपासावेत. अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण एक सेंटिमीटर आत जावा.

वाटेत काटा लाल भागाकडे जाऊ लागला तर गाडी बाजूला घेऊन, पाणी गळत नसेल तर इंजिन जरा जास्त वेगाने चालू ठेवावे, कारण पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनवरच फिरतात. पाणी गळून गेले असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये, आणि तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतू नये.

आता पेट्रोल. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, एका मे महिन्याच्या दुपारी, माझी गाडी दोन वळणांवर आचके देऊन बंद पडली. टाकी अर्धी भरलेली होती, पण काचेच्या फिल्टरच्या वाटीत पेट्रोल नव्हते, नुसती वाफ होती. पेट्रोलमधील हलके घटक ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतात, आणि या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनच्या ब्लॉकलाच जोडलेला असल्याने तो चढावर फार तापतो. ओला पंचा पंपावर गुंडाळून पंधरा मिनिटे थांबलो, पंचा दोनदा पुन्हा भिजवला, आणि गाडी घाट चढून गेली. पुढच्या आठवड्यात पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णतारोधक जाड पॅकिंग बसवले, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर घेऊन तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवले. तेव्हापासून हा त्रास झालेला नाही. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद करू नये, मिनिटभर चालू ठेवावे. बंद केल्यानंतर बॉनेट उघडे ठेवावे.

सध्याच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबाबत अधिक सावध राहणे आवश्यक आहे. ही गाडी या इंधनासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधील वॉशर फुगवते किंवा ठिसूळ करते, आणि हवेतील ओलावा शोषून घेते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि तिथून गंज सुरू होतो. म्हणून पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घ्याव्यात, पंपाचा पडदा बदलावा, आणि एवढेच पेट्रोल भरावे की जे महिनाभरात संपेल. प्रति लिटर इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते आणि त्याला जाळायला हवाही कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. स्पार्क प्लगचे टोक पांढरेफटक दिसू लागले, तर जाणकाराकडून मुख्य जेट एक आकार मोठा करून घ्यावा. हे काम करताना बॅटरीची तार काढलेली असावी आणि जवळपास ज्योत नसावी.

ब्रेकच्या बाबतीत मी कोणतीही काटकसर करत नाही. माझ्या गाडीत चारही चाकांचे ड्रम ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर (पेडलने ब्रेक ऑइल दाबणारा पंप) आहेत, म्हणजे एका चाकाचे रबर फाटले तर चारही ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो, म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे आणि एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. चाकांच्या सिलिंडरमधील रबरांना साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीही लावू नये, ती फुगून अडकतात. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये, ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडल्यावर धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. गाडीखाली जाताना जॅकच्या भरवशावर राहू नये, घोड्या (लोखंडी स्टँड) लावाव्यात.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५० या घट्टपणाचे, वर्षातून एकदा किंवा तीन हजार किलोमीटरनंतर, जे आधी येईल तेव्हा बदलतो. पुढच्या चाकांच्या किंगपिनला, म्हणजे ज्यावर चाक वळते त्या खिळीला, ग्रीसगनने ग्रीस भरताना जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत थांबत नाही. धूळ त्या काळ्या ग्रीसबरोबरच बाहेर जाते. ठिणगीसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटमधील फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असते, नेमका आकडा पुस्तिकेतून घेऊन फीलर गेजने लावावी. बॅटरीला आपल्याकडे थंडीपेक्षा ऊन मारते. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी तिचे पाणी पाहावे. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचे चार अंकी चिन्ह वाचावे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो, आणि आपल्या उन्हात सहा-सात वर्षांनंतर त्यावर विसंबू नये.

गंजाच्या बाबतीत कोकणापेक्षा आपण सुदैवी आहोत, पण काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात शेतरस्त्यावर गाडी नेली असेल तर चाकांच्या कमानी आणि दारांखालच्या पट्ट्या आतून धुवाव्यात, मॅट उचलून तळ वाळवावा. गाडीखाली जळके ऑइल फवारण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण त्यातील आम्ल आणि तेल रबराच्या बुशांना खाते.

सुटे भाग आता जपून वापरावे लागतात. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आणि टॅक्सींच्या जोरावर चालणारा भागांचा व्यापारही आटत चालला आहे. हेड गॅस्केट, पंपाचा पडदा, ब्रेकच्या रबरांचा संच, पॉइंट, कंडेन्सर आणि पाण्याच्या पंपाचे सील एवढे तरी घरात असावे. रबर हवाबंद पिशवीत, अंधारात ठेवावे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, परंतु तशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी साधी नोंदणीच जिवंत ठेवावी.

आणि ती चालवावीच. शेडमध्ये पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद केल्याने भले होण्याऐवजी नुकसान होते, कारण ऑइल पुरते तापत नाही आणि साठलेली वाफ तशीच आत राहते. मी दर रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, तापीचा पूल ओलांडून यावलपर्यंत जाऊन परत येतो. शेडमध्ये आल्यावर इंजिनखाली आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला जुनी वर्तमानपत्रे पसरतो आणि दुपारी ती पाहतो. पुढे हिरवा ठिपका दिसला तर कूलंट, मध्ये काळा दिसला तर इंजिन ऑइल, गिअरच्या खाली पिवळट, जाड आणि उग्र वासाचा दिसला तर गिअर ऑइल. चाकाजवळ फिकट, तेलकट ठिपका पडला असेल, तर तो ब्रेकचा समजून त्या चाकाचा ड्रम उघडेपर्यंत गाडी शेडबाहेर काढत नाही.